सहा मिनिटांचं चित्र

एंडोस्कोपीच्या खोलीमागच्या चिंचोळ्या खोलीत मावशी एकोणीस वर्षं नळ्या धुत होती. रोग्याच्या पोटात घालायच्या त्या लांब काळ्या नळ्या आतून ब्रशनं घासायच्या, पाण्यात बुडवून कुठं बुडबुडा येतो का पाहायचं, मग औषधाच्या टाकीत ठेवायच्या आणि वाळल्या की कपाटात उभ्या टांगायच्या. डॉक्टर म्हणत, मावशींच्या हातची नळी म्हणजे धुतला तांदूळ.

तिचा नवरा किल्ल्या बनवायचा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांचं मिळून एक दुकान होतं. अकरा वर्षांपूर्वी एक जड तिजोरी उचलताना त्याची पाठ धरली, म्हणून स्कॅन काढला. पाठीत काही निघालं नाही, पण स्वादुपिंडात लिंबाएवढी पाण्याची गाठ दिसली. सुईनं तिच्यातलं पाणी काढून तपासलं, तरी धड निदान होईना. डॉक्टर म्हणाले, "आज त्रास नाही. पण पुढं कॅन्सर होणारच नाही, असं सांगता येत नाही. काढलेली बरी."

नवरा हसण्यावारी न्यायला बघत होता. "जगाची कुलुपं मी उघडली, आता तुम्ही मला उघडायला निघालात होय?"

दीर तर आडवाच आला. "वहिनी, दुखत नाही, खुपत नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"भाऊजी, उशिरा आलेल्यांचं काय होतं, ते मी रोज बघते," ती म्हणायची.

असे चार महिने गेले. शेवटी तिनं जेवताखाता इतकं टुमणं लावलं, की नवऱ्यानं कंटाळून फॉर्मवर सही केली. ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी आतली शिवण गळायला लागली, स्वादुपिंडाचा रस पोटभर पसरला आणि सव्विसाव्या दिवशी नवरा गेला.

गाठीचा रिपोर्ट तिच्या हातात त्यानंतर पडला. साधी गाठ होती. जन्मभर पोटात तशीच राहिली असती, तरी त्याला काही झालं नसतं.

तो कागद तिनं कपाटातल्या साड्यांखाली सरकवला. दिरानं विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "वाईटच होती." एवढंच बोलली. पुढं तेच खरं म्हणून चालत राहिलं. दीर मात्र तेव्हापासून तिचं सगळं बघू लागला. गळका नळ असो की दाराची बिजागरी, निरोप जायच्या आत तो हजर असायचा.

यंदा खात्यात नवीन यंत्र आलं. नळीतल्या सुईमधून केसासारखी बारीक तार थेट गाठीत जायची आणि तिच्या टोकाला सूक्ष्मदर्शक. शिरेतून पिवळं औषध सोडलं की सहाएक मिनिटं गाठीची आतली भिंत पडद्यावर जिवंत दिसायची. बोटांसारखे उंचवटे दिसले तर धोका. रक्तवाहिन्यांचं दाट जाळं दिसलं तर साधी गाठ, ऑपरेशनची गरज नाही. मावशी नळी न्यायला दारात उभी असायची, ती बघून बघून ओळखायला शिकली.

एक दिवस पडद्यावर पांढरं जाळं उमटलं. डॉक्टरीणबाई तिथूनच सहायकाला म्हणाल्या, "साधी आहे. सुट्टी." थोड्या वेळानं रोग्याची बायको मावशीला बाहेर भेटली आणि ओळख ना पाळख, तिचे ओले हात धरून हसली. मावशी परत आत गेली.

"बाई, अकरा वर्षांपूर्वी हे असतं, तर माझ्या नवऱ्याची गाठ ओळखू आली असती?"

गाठ साधी निघाली होती, हे बाईंना जुन्या डॉक्टरांकडून ऐकून माहीत होतं. त्यांनी उगाच धीर दिला नाही. "बहुतेक आली असती, मावशी."

दुपारी कामाची पाळी संपल्यावर मावशी घरून साड्यांखालचा कागद घेऊन दुकानात गेली. दीर किल्लीला कानस मारत होता. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. गाठ साधी होती, तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं, मी खोटं बोलले.

दिरानं कानस खाली ठेवली. कागद दोनदा वाचला.

"माझ्यामुळं चार महिने वाया गेले, असं मी धरून चाललो होतो," तो म्हणाला. "मी आडवा आलो, तेवढ्यात गाठ बिघडली. दादाला मी मारलं, असं वाटायचं मला. रोज वाटायचं. तुमच्या दारात यायचो ते त्यासाठी."

हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याची धावपळ तिला माया वाटत आली होती.

"भाऊजी, मला तोंड नव्हतं हो दाखवायला."

"तुमचं तोंड राहिलं. माझी अकरा वर्षं गेली." त्याचा आवाज चढला नाही. "आता काही दुरुस्तीचं निघालं तर दुसरं कुणी बघा, वहिनी."

गिऱ्हाईक आलं, तसा तो त्याच्याकडं वळला. कागद त्याच्याकडंच राहिला, आणि मागायची तिला हिंमत झाली नाही.

त्यानंतर दीर आला नाही. तिनं दोनदा निरोप धाडला, उत्तर आलं नाही. बाईंना सांगून तिनं बदलीचा अर्ज दिला, पण नळ्या धुणारं शिकलेलं दुसरं माणूस नाही म्हणून तो परत आला. आठवड्याला दोन-तीन गाठी तपासायला येतात. कुणाची साधी निघते, कुणाची नाही. मावशी आता दारात थांबत नाही, आतून हाक आली की जाते, खाली बघत नळी उचलते आणि धुवायला आणते.