आधी बाहेर येणाऱ्याला येऊ द्या

आमच्या ह्यांनी उभं आयुष्य एका डब्यात काढलं. डबा म्हणजे इस्पितळातली लिफ्ट. आत एक स्टूल, बटणांची रांग, आणि दिवसभराचं काम काय, तर लोकांना वर पोहोचवायचं. "तुमचे मिस्टर काय करतात?" असं कुणी विचारलं की मी सरळ सांगायचे, "लोकांना वर पोहोचवतात." विचारणारी बाई जरा मागे सरायची. इस्पितळातल्या नर्सेसनी ह्यांचं नाव 'वरखाली' ठेवलं होतं आणि ह्यांना ते पदवी मिळाल्यासारखं वाटायचं. त्या डब्याला खिडकी नव्हती. बाहेर पाऊस पडतोय हे ह्यांना लोकांच्या ओल्या छत्र्यांवरून कळायचं.

असा माणूस निवृत्त झाला की घरी बसेल, पेपर वाचेल, बायकोशी दोन शब्द भांडेल, अशी माझी भाबडी समजूत होती. छे! हे पहाटे उठतात, टोपी घालतात आणि देवाला शोधायला निघतात. चर्चमध्ये नाही हं. तिथे पंखे आहेत, बाकं आहेत, देव तिथे आयता भेटला असता. ह्यांना तो पाण्याच्या टाकीमागच्या ओसाड जागेत हवा. तिथे एक गटार आहे, चार वाकडी झाडं आहेत आणि कुणीतरी टाकून दिलेला सोफा आहे. तिथून हे परत येतात ते चेहऱ्यावर तेज आणि बुटांना चिखल घेऊन. तेज त्यांच्यापाशी राहतं, चिखल माझ्या फरशीवर.

"अगं, आज काय पाहिलं माहितीये? डांबर फोडून गवत वर आलंय!"

"मग? डांबर पातळ ओतलं असेल."

"डांबर गं! आणि गवत! एवढंसं!"

ह्यांना त्यात प्रभूचं पुनरुत्थान दिसतं. मला त्यात नगरपालिका दिसते. एकदा म्हणे, वाळलेल्या शेंगेतून बी कसं उडालं ते बघत बसले होते आणि त्यातून त्यांना कबरेवरचा धोंडा कसा सरकला ते कळलं. मी म्हटलं, "वा! आता तेवढा आपल्या कपाटाचा दरवाजा का सरकत नाही तेही विचारून या." तर गंभीरपणे म्हणाले, "विचारतो." अशा माणसाशी भांडणार कसं, सांगा.

पण ह्या फेऱ्यांच्या मागे काय आहे ते मला ठाऊक आहे.

ह्यांच्या लिफ्टमध्ये सगळ्यांत खाली एक बटण होतं, तळघराचं. तळघरात शवागार. ह्यांचा विश्वास पक्का, रविवारची उपासना कधी चुकवली नाही, पण पाळकसाहेब पुनरुत्थानावर बोलले की जेवताना हे हळूच म्हणायचे, "असेल बाई. ते शिकलेले आहेत. पण मी खाली नेलेलं एकही माणूस परत वर आणायला मला कधी कुणी बोलावलं नाही."

"मग तक्रार करा वरच्याकडे," मी म्हणायचे. "लिफ्ट एकाच बाजूने चालते म्हणावं."

तेव्हा हे सगळं हसण्यावारी जायचं. मग आमची सून गेली.

इथे मला टोमणा सुचत नाही. साधा ताप म्हणून इस्पितळात नेलं. सगळे ओळखीचे, घरच्यासारखे, काळजी कसली, असं मीच तिला म्हणाले होते. ती घरी आलीच नाही. त्या दुपारी लिफ्टवर हेच होते. वॉर्डबॉय म्हणाला, "काका, तुम्ही नका, मी दुसऱ्याला बोलावतो." हे म्हणाले, "माझ्या सुनेला परका माणूस नेणार नाही." स्ट्रेचर आत आलं, त्याच्या मागे आमचा मुलगा आत आला, आणि ह्यांनी ते बटण दाबलं. मुलगा बापाच्या बोटाकडे बघत राहिला. सगळं आटोपून घरी आल्यावर तो एकच वाक्य बोलला, "बाबा, बटण तुम्ही दाबलंत." मग खोलीत गेला, कडी लावली आणि आडवा झाला.

आडवा झाला तो आडवाच. धंद्याने नळदुरुस्तीवाला. हत्यारांची पिशवी दाराशी धूळ खात पडली, गिऱ्हाइकं फोन करून करून थकली. आमच्याच स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस टपकतोय, आणि घरचा नळवाला भिंतीकडे तोंड करून झोपलाय! बाहेर ठेवलेलं ताट आम्ही झोपल्यावर रिकामं होतं, तेवढ्यावरून आम्ही समजायचं की बरं चाललंय. डॉक्टर घरी येऊन गेले, दाराबाहेरूनच त्याच्याशी बोलले, आठवड्याला येतो म्हणाले आणि येतातही. बापाशी मात्र एक शब्द नाही. मला भीती वाटते, स्पष्टच सांगते. एक दिवस हा उठणारच नाही, ही भीती पोटात घेऊन मी रोज चहा टाकते.

आणि रोज सकाळी हे फिरून आले की टोपी काढायच्या आधी विचारतात, "उठला का?"

"नाही."

"चहा घेतला का त्याने?"

"झोपेत कसा घेईल?"

एवढंच. आमच्या घरची सकाळची प्रार्थना म्हणा हवं तर.

मध्यंतरी तर कहरच झाला. समोरच्या शिक्षिकाबाई धापा टाकत आल्या. "अहो, तुमच्या मिस्टरांना बरं नाही का? टाकीमागे एका झाडाशी उभे आहेत. मी जाताना उभे होते, येतानाही उभेच!" मी चपला अडकवून धावले. बघते तर हे खोडाजवळ उभे, एक हात असा आडवा धरलेला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतायत, "जरा पलीकडून, जरा पलीकडून." खोडावर एक किडा होता. उन्हाळ्यात झाडावर बसून कान किटवतो ना, तोच. जमिनीतून वर येऊन खोडावर चढला होता. त्याच्या पाठीवरची साल उकलली होती आणि त्यातून तो अगदी सावकाश बाहेर पडत होता.

"अहो, घरी चला. लोक बघतायत."

"थांब गं. आधी बाहेर येणाऱ्याला येऊ दे."

हे वाक्य म्हणजे ह्यांची सगळी नोकरी. लिफ्टचं दार उघडलं की बाहेरची गर्दी आत घुसायला बघायची, आणि हे हात आडवा धरून ओरडायचे, "आधी बाहेर येणाऱ्यांना येऊ द्या!" नोकरी सुटली, सवय सुटली नाही. दुकानाच्या दाराशी तेच, बसच्या दाराशी तेच, आमच्या बाथरूमच्या दाराशीसुद्धा हात आडवा. बाहेर येणारी मी एकटीच आणि आत जाणारे हे एकटेच, तरी! आता किड्यांचीही सोय झाली.

"हा वर्षानुवर्षं जमिनीखाली असतो," हे म्हणाले. "इस्पितळातल्या माळ्याने सांगितलं होतं मला."

"असू दे. मला काय करायचंय?"

"तळघरातून आलाय गं हा. तळघरातून वर आलेलं कुणी मी पहिल्यांदा बघतोय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की माझ्या तोंडून भलतंच निघतं. मी म्हटलं, "बुटांकडे बघा, किती चिखल लागलाय."

किडा उडून गेल्यावर ती रिकामी साल ह्यांनी काडेपेटीत घालून घरी आणली आणि मुलाच्या दाराशी ठेवली. लोक दाराशी फुलं ठेवतात. आमच्याकडे किड्याचा जुना अंगरखा! दुसऱ्या दिवशी केर काढताना मी ती काडेपेटी उचलली. टाकवली मात्र नाही. खिडकीत ठेवून दिली.

मग पुनरुत्थानाचा रविवार आला. चर्च गच्च भरलेलं. हे नेहमीप्रमाणे अंधारातच टाकीमागे जाऊन आलेले, त्यामुळे बाकावर टेकले नि डुलक्या सुरू. लिफ्टच्या घरघरीने ह्यांना ऐकूही कमीच येतं. पाळकसाहेबांचा आवाज मात्र खणखणीत. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि गर्जना केली, "तो उठला आहे!"

ह्यावर सगळ्यांनी म्हणायचं असतं, "खरोखर उठला आहे!" लोकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आमचे हे ताडकन उभे.

"उठला? कधी? चहा घेतला का त्याने?"

पुढच्या बाकावर फिदीफिदी सुरू झालं. शिक्षिकाबाईंनी रुमाल तोंडात कोंबला. पाळकसाहेबांचे हात वरच राहिले, खाली कसे आणावेत ते त्यांना कळेना. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी ह्यांचा कोट ओढला.

"अहो, बसा खाली! प्रभू उठलाय. आपला नाही."

"प्रभू होय," हे म्हणाले. "असं असं." आणि बसले.

प्रभू उठल्याची बातमी ऐकून इतका हिरमुसलेला ख्रिस्ती माणूस जगात दुसरा नसेल. आणि त्यांचं तरी काय चुकलं? मला नवऱ्याला अहोजाहो करावं लागतं, पण देव आपला 'तो' आणि पोटचा पोरगाही 'तो'. पाळकसाहेबांनी नाव घेऊन सांगायला नको?

घरी आल्यावर ह्यांनी टोपी काढली, ती हातात धरून उभे राहिले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा "उठला का?" हे विचारलंच नाही. तिथे माझा तोल सुटला. मी त्या बंद दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागले.

"ऐकतोयस का रे? आज तुझ्या बापाने भर चर्चमध्ये शोभा करून घेतली! पाळकसाहेब म्हणाले, तो उठला आहे, आणि हा माणूस उभा राहून विचारतो, चहा घेतला का त्याने! प्रभू येशूला चहा! सगळं चर्च हसलं त्यांना!" सांगता सांगता मलाच हसू फुटलं, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. "अरे, देव उठला त्याचंसुद्धा काही वाटलं नाही रे त्यांना. ते तुझी वाट बघतायत. हो, दाबलं त्यांनी बटण! परक्याने दाबलेलं चाललं असतं का तुला? सांग ना, चाललं असतं?"

नळ तेवढा टपकत होता. मग आतून काहीतरी आवाज आला. खोकला असेल म्हणून मी दाराला कान लावला. खोकला नव्हता. गाढव हसत होता. सवय मोडल्यासारखा, मधेच अडकत, पण हसत होता. हसता हसता तोही रडायला लागला असावा, कारण बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. मग कडी वाजली.

दार चार बोटं उघडलं. मी ते ढकलून आत घुसणार, एवढ्यात माझ्यापुढे एक हात आडवा आला.

"अगं," हे हळूच म्हणाले, "आधी बाहेर येणाऱ्याला येऊ दे."

आणि आम्ही उभे राहिलो. माझा जीव वरखाली होत होता, पण तो हात हलला नाही. शेवटी मुलगा बाहेर आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, उजेडाने डोळे बारीक केलेले. बापासमोर थांबला. ह्यांचा हात अजून तसाच आडवा होता, आणि मुलगा त्या हाताकडे, त्या बोटाकडे बघत होता. मी देवाला म्हटलं, आता ह्या क्षणी काही वाकडं होऊ देऊ नकोस, नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही.

"नाही घेतला अजून," मुलगा म्हणाला.

"काय?" ह्यांना ऐकू आलं नाही.

"चहा, बाबा. अजून घेतला नाही."

मी चहा टाकला. साखर बहुतेक दोनदा घातली, कुणी तक्रार केली नाही. दोघे टेबलापाशी समोरासमोर बसून प्यायले. उठताना मुलाने नळाकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कधीपासून टपकतोय?" ह्याचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, चांगलं लांबलचक. मी ते गिळलं आणि म्हटलं, "हल्लीच."

मग तो खोलीत गेला आणि परत आडवा झाला. नळाला त्याने हात लावला नाही. पण कडी लावली नाही, दारही लोटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर ह्यांची टोपी खुंटीलाच. हे स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन त्या उघड्या दाराशी बसले होते, ड्युटीवर बसायचे तसे, पाठ ताठ करून.

"अहो, आज देव शोधायला जायचं नाही का?" मी विचारलं.

"नको," हे म्हणाले. "मी तिकडे गेलो आणि इथे मला कुणी बोलावलं तर?"