ज्या दिवशी मॅच नव्हती

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधाची पिशवी आली की मी तारीख बघते, कामवाली 'उद्या नक्की येते' म्हणाली की तिच्या डोळ्यांत बघते. नवऱ्याला मी तोंडावर अहो-जाहो करते आणि मनातल्या मनात अरे-तुरे, त्यामुळे इथेही तसंच होईल. तर हा माणूस, अठ्ठावन्न वर्षांचा, नुकताच नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, एका जानेवारीत अचानक फुटबॉलचा भक्त झाला.

"आशियाई देशांची स्पर्धा लागलीय," तो म्हणाला. "आपली टीमपण आहे. पाचची मॅच मी मुलुंडला मित्राकडे बघणार. त्याचा टीव्ही मोठा आहे."

आमच्या घाटकोपरच्या घरातला टीव्ही काही काडेपेटीएवढा नव्हता. लहानपणी गिरणीच्या चाळीत हा थोरल्या भावाबरोबर फुटबॉल खेळायचा म्हणे, पण लग्नाला तीस वर्षं होत आली, त्यात त्याने क्रिकेटशिवाय कशाला मान वर करून पाहिलेलं मला आठवत नव्हतं. संशय आला की मी बोलत नाही, गोळा करते.

गोळा करायला भरपूर होतं. रोज दुपारी चारला दाढी. इस्त्रीचा शर्ट. एरवी दोन स्टॉप चालत जाणारा माणूस गेटवरून रिक्षा करायला लागला. चौथ्या दिवशी तर त्याने शिरा मागितला. "मऊ कर. दूध जरा जास्त घाल. मित्राला चावायला त्रास होतो." मी रवा भाजला, दूध घातलं, डबा भरून दिला आणि ओट्याशी उभी राहून मनात म्हटलं, बाई गं, तू तुझ्या हाताने सवतीला शिरा करून पाठवतेयस.

कारण बाईच असणार, याबद्दल मला शंका नव्हती. प्रश्न पुराव्याचा होता. एक फालतू आरोप केला की माणसं तो आयुष्यभर विसरत नाहीत, हे मी एकदा शिकले होते. या वेळी मला चुकायचं नव्हतं. म्हणून मी फुटबॉल शिकले.

पेपरातलं वेळापत्रक कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मोबाइलवर नियम वाचले. पास सुटतो त्या क्षणी आपला पुढचा खेळाडू आणि गोल यांच्यामध्ये समोरच्या संघाचे दोन जण हवेत, नाहीतर ऑफसाइड. दोन दिवसांत मला ते कळलं. मग तो घरी आला की जेवण वाढता वाढता मी परीक्षा घ्यायचे.

"काय झालं आज?"

"हरलो ना. झकास खेळले पण."

"गोल का नाही दिला तो?"

"कुठला?"

"ऑफसाइडचा."

"हां, तो. होता ना ऑफसाइड." आणि भात कालवत राहायचा. स्कोअर बरोबर सांगायचा, पण खेळाकडे याचं लक्ष नव्हतं, हे मला कळत होतं.

आपला संघ तिन्ही सामने हरून बाहेर पडला. मला वाटलं, चला, संपलं. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा दाढी! इराकमध्ये, उझबेकिस्तानात याचं काय अडलं होतं देव जाणे. आणि मग साखळी सामने संपले. बाद फेरी सुरू व्हायला दोन दिवस होते आणि त्या दोन दिवसांत स्पर्धेत एकही सामना नव्हता. नवरा मात्र पाचच्या मॅचला गेला.

साडेसातला परत आला. मी पाणी दिलं.

"कोण जिंकलं?"

"जपान," तो म्हणाला. नजर ग्लासात.

मी हसले. मग आत जाऊन कपाटाचं दार उघडून ते वेळापत्रक परत वाचलं आणि तिथेच कपाळ टेकून रडले. पुरावा मिळाल्याचं समाधान वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मागोमाग मी खाली उतरले आणि दुसरी रिक्षा पकडली. "भैया, वो आगेवाली के पीछे लो." रिक्षावाल्याने आरशातून मला निरखलं. "मॅडम, लफडा नहीं चाहिए." म्हटलं, नवरा आहे माझा. तो म्हणाला, "वही तो बोल रहा हूँ," पण निघाला. विक्रोळी गेलं, कांजूर गेलं, भांडुप गेलं. मुलुंड यायच्या आधीच पुढची रिक्षा नाहूर स्टेशनच्या रस्त्याला वळली. नाहूरला आमच्या नात्यातलं एकच घर होतं. सहा वर्षं आम्ही तिथे पाऊल ठेवलं नव्हतं.

ते त्याच्या थोरल्या भावाचं घर. सासूबाई तिथेच गेल्या. त्यांच्या तेराव्याला, माणसं जेवून उठत असताना, मी औषधांचा डबा उघडला आणि हृदयाच्या गोळ्यांच्या पाकिटात, हिशेबाने संपायला हव्या होत्या अशा, नऊ गोळ्या शिल्लक दिसल्या. मी त्या सगळ्यांसमोर मोठ्या जावेच्या पुढे धरल्या. "आईंना गोळ्या देत नव्हतात तुम्ही." दिरांनी आम्हाला दार दाखवलं. नवरा माझ्यामागून निघून आला. त्यानंतर भावाचं नाव त्याने घरात काढलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर दार अर्धवट उघडं होतं. आतून नवऱ्याचा आवाज येत होता, मोठ्याने, मालवणीत. "दादा, बघ रे, तो मोकळो होतो, तरी भायर मारल्यान!" सहा वर्षांत मी त्याच्या तोंडून मालवणी ऐकली नव्हती. मी दार ढकललं. दीर खुर्चीत होते, उजवा हात मांडीवर निपचित, तोंड एका बाजूला ओढलेलं. नवरा त्यांना चमच्याने शिरा भरवत होता. टीव्हीवर मोबाइलमधली जुनी मॅच लावली होती. मला पाहून तो उभा राहिला. मी आता काय बोलेन, याची त्याला भीती वाटत होती.

जाऊ स्वयंपाकघरातून बाहेर आली. केस सगळे पिकले होते. ती काही बोलायच्या आत मीच बोलले. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"ताई, ती गोळी डॉक्टरांनीच बंद केली होती. तेराव्यानंतर महिनाभराने मी दवाखान्यात विचारायला गेले होते. तेव्हाच कळलं मला. चूक माझी होती."

"ठाऊक आहे," जाऊ म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, तुमची धाकटी जाऊ येऊन गेली म्हणून. मला वाटलं, आता येशील. दोन-तीन महिने बेल वाजली की मीच धावत जायचे दार उघडायला. मग सोडून दिलं." मग ती म्हणाली, "बस. चहा टाकते."

मी बसले. नवऱ्याच्या हातातला चमचा तसाच होता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग खाली बसून भावाला भरवू लागला. चहा झाला, मॅच संपली.

परतताना आम्ही एकाच रिक्षात बसलो. तो बाहेर बघत होता. मी म्हटलं, "मला सांगायला हवं होतं तुम्ही. मी अडवलं नसतं." ते खरं होतं की नाही, मलाही माहीत नव्हतं.

घाटकोपर आलं. गेटशी रिक्षा थांबली, तेव्हा त्याने माझ्याकडे वळून नीट पाहिलं, मी तीस वर्षं त्याच्याकडे बघत आले तसं.

"आणखी काय काय माहीत आहे तुला?" तो म्हणाला.