हनुवटीखालचा चिकू

हर्षदाने यमनमधला तार षड्ज घेतला आणि तिचा आवाज टर्रकन फाटला. जुनी चादर फाटावी तसा. ती पाणी प्यायली, पुन्हा घेतला. पुन्हा तेच. मी सरळ तानपुऱ्याचं मशीन बंद केलं.

“मॅडम, चालू ठेवा ना.”

“चालू ठेवून काय करू? आधी डॉक्टरला दाखव. गळा आहे तो, चप्पल नव्हे, झिजली की नवी आणायला.”

ही २०१७ सालची गोष्ट. शाळेतून संगीत शिक्षिका म्हणून रिटायर झाल्यावर मी बोर्डीला घरीच क्लास घेत होते. तार षड्ज म्हणजे सा-रे-ग-म चढत गेलं की शेवटी लागतो तो वरचा सा. गाणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. खाली सगळेच शूर असतात.

हर्षदा घोलवडची, चिकूच्या वाडीवाल्यांची सून. नवरा वापीला कंपनीत, शिफ्ट ड्युटीवर. वाडी सांभाळायची ती आणि तिचे सासरे नाना. माहेरी गाणं शिकायचं राहून गेलं होतं. मुलगा कॉलेजला गेला आणि ही चाळिशीत माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी म्हणाली, “मॅडम, मला टाइमपास नाही करायचाय. परीक्षा द्यायच्यात.” मला अशी माणसं आवडतात. त्रास देतात, पण आवडतात.

डहाणूच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून गळा बघितला. आपल्या गळ्यात दोन नाजूक पट्ट्या असतात, त्या थरथरल्या की आवाज निघतो. हिच्या पट्ट्यांवर छोट्या गाठी आल्या होत्या. डॉक्टर गुजराती, समजावून सांगणारे. म्हणाले, “बेन, कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तसेच हे. आता थोडे दिवस एकदम मौन. नंतर पण ओरडायचं नाही. दिवाळीनंतर दाखवा. कमी नाही झालं तर ऑपरेशनचं बघावं लागेल.”

दुसऱ्याच दिवशी सून आणि चिकूची पिशवी घेऊन नाना माझ्या दारात हजर.

“बाई, स्पष्ट बोलतो. राग मानू नका. वाडीत ओरडल्याशिवाय काम होत नाही. मग उरलं काय? गाणं. ते बंद करू.”

“नाना, गाण्याने गाठी होत असत्या तर माझ्या गळ्यात एव्हाना द्राक्षांचा घोस लागला असता.”

“तुमचं वेगळं. तुम्ही लहानपणापासून गाताय.”

“परीक्षेपर्यंत थांबा. डिसेंबरमध्ये आहे.”

“आणि तिथेच फाटला तर?”

हर्षदाचं मौन चालू होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे. उठून तानपुऱ्याच्या मशीनवर तळहात ठेवला आणि तो काही उचलला नाही. नाना बघत राहिले.

“बरं,” ते म्हणाले. “देऊ दे परीक्षा. पण तिथे आवाज फाटला तर विषय संपला. मग कोणी माझ्याकडे रदबदली करायला यायचं नाही.”

मौन संपल्यावर मी तिला खर्जावर आणलं. खर्ज म्हणजे खालचे, जाड सूर. भल्या सकाळी ते लावत बसायचं, गळ्याला शेक दिल्यासारखं होतं. खालचे सूर महिन्याभरात स्वच्छ झाले. पण वर जायला लागलो की पुन्हा ताण, पुन्हा खरखर. श्वास बरोबर, तोंड बरोबर, मग अडतंय कुठे?

मग माझ्या लक्षात आलं. सूर चढला की हिची हनुवटी चढायची. वरच्या सा पर्यंत पोचेस्तोवर बाईसाहेब माझ्या घराची कौलं मोजत असायच्या.

“मान खाली घे.”

घ्यायची. पुढच्या सुराला पुन्हा वर. सांगून सांगून माझाच गळा बसायची वेळ आली. ही खोड आली कुठून ते काही कळेना. शेवटी एका सकाळी मी उठले आणि घोलवडला तिच्या वाडीत जाऊन उभी राहिले.

तोडणी चालू होती. तोडणारे झाडांवर चढलेले, हातात जाळी लावलेल्या लांब काठ्या. आणि आमची हर्षदा बरोबर बुंध्याशी, मान पार पाठीला टेकवून आभाळाकडे बघत, “देवजी! ती फांदी सोड! बारीक आहेत अजून!”

“हर्षदा, ओरडायचं नाही ठरलंय ना?”

“मी कुठे ओरडते मॅडम? सांगते फक्त.”

“हे सांगणं? मग ओरडतेस तेव्हा डहाणूला ऐकू जात असेल.”

पण मला हवं ते सापडलं होतं. लग्न होऊन आल्यापासून ही बाई रोज सकाळी आभाळाकडे तोंड करून हाका मारत होती. तिच्या अंगाने धरलंच होतं, आवाज मोठा करायचा म्हणजे मान मागे टाकायची. तुम्हीही करून बघा. मान मागे टाका आणि ‘आ’ म्हणा. गळा कसा आवळतो ते कळेल. तशा आवळल्या गळ्याने ती माझ्याकडे यमन गात होती.

मी तिला दंडाला धरून बुंध्यापासून लांब, पलीकडच्या ओळीत नेऊन उभी केली. इथून शेंडा समोर दिसत होता, मान वर करायची गरज नव्हती.

“आता पोटातून हाक मार. शेवटचा स्वर लांबव.”

“देवजीऽऽ!”

देवजी फांद्यांतून डोकावला. “काय वहिनी, एवढ्या लांब का गेल्या? भांडलो काय आपण?”

सगळी झाडं हसली. टोपलीशी बसलेले नाना मात्र हसले नाहीत. “लांबून जास्तच ओरडावं लागेल की,” ते पुटपुटले.

“त्याला पहिल्या हाकेत ऐकू गेलं की नाही?”

“गेलं खरं.”

पण वाडीतली सवय मोडली म्हणून गाण्यातली लगेच मोडत नाही. मी टोपलीतला एक कच्चा, टणक चिकू घेतला आणि क्लासमध्ये तिच्या हनुवटीखाली ठेवला. हनुवटी उचलली की चिकू पडणार. पडला की पुन्हा पहिल्या सा पासून. पहिल्या आठवड्यात चिकू माझ्या पलंगाखालीच राहायला होता. मग तो पडेना, कारण ती हनुवटी घट्ट दाबून धरायला लागली. आवाज रांजणातून यावा तसा. हेही नको होतं.

मग मी पिकलेला चिकू आणला.

“आता दाबलास तर फुटेल.”

फुटलाच. सगळा गर गळ्यावरून खाली.

“मॅडम! नवा ब्लाऊज होता!”

“उद्या जुना घालून ये.”

दुसऱ्या दिवशी ती जुना ब्लाऊज घालून आली, आणि पिशवीभर पिकलेले चिकू घेऊन. मला तेव्हाच कळलं, ही सोडणार नाही.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, गाठी लहान झाल्यात, गेल्या नाहीत. ऑपरेशन तूर्त नको. “गेल्या नाहीत ना?” नाना म्हणाले. “मग परीक्षेतच बघू.”

परीक्षा डहाणूला एका शाळेत होती. नाना स्वतः आले. व्हरांड्यात खिडकीजवळच्या बाकावर माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “विषय संपवायलाच आलोय.”

आत हर्षदाने यमन सुरू केला. छान चालला होता. तेवढ्यात परीक्षक म्हणाले, “तार षड्जावर थांबून दाखवा. लांबवा जरा.”

हर्षदाने डोळे मिटले. मी फक्त तिच्या हनुवटीकडे बघत होते. सा च्या आधीचा नि लागला. हनुवटी तिथेच. मग सा लागला आणि उभा राहिला. फार मोठा नव्हता, पण सबंध होता. कुठे चरा नाही. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

नानांना सांगायला वळले तर नाना श्वास रोखून बसलेले. मान पार मागे, हनुवटी छताला.

“नाना,” मी कोपराने ढोसलं, “हनुवटी खाली.”

त्यांनी गपकन खाली घेतली. “अजून धरलाय,” ते कुजबुजले. “बाई, अजून धरलाय तिने.”

हर्षदा बाहेर आली तेव्हा मी विचारलं, “काय नाना, संपला ना विषय?”

“संपतोय कसला! पुढची परीक्षा कधी असते?”

ती पास झाली. आता नानाही तोडणीला पलीकडच्या ओळीत उभे राहून हाका मारतात. आणि मी नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एवढंच सांगते, सूर वर जायला हवा. तुम्ही जायची गरज नाही.