कोरेगावचा पेटता फड

आमचे दिग्दर्शक तमिळमधले नावाजलेले. हिंदीतला त्यांचा पहिला चित्रपट मात्र साफ पडला होता, आणि दुसरा आम्ही कोरेगावजवळ करत होतो. मी सांगलीची, विश्रामबागेत वाढलेली. चेन्नईत त्यांच्या हाताखाली काम करता करता तमिळ शिकले, म्हणून सहायक म्हणून त्यांनी मलाच बरोबर आणलं. त्यांचं हिंदी मोडकं; मुंबईची मंडळी पाठीमागे हसायची. निर्मात्याचा माणूस रोज खुर्ची टाकून बसे. हाही पडला तर मुंबई विसरा, असं त्याने त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

त्या दिवशी उसाचा फड पेटवायचा होता. एकदा जळाला की संपलं, दुसरा टेक नाही. आईची भूमिका करणाऱ्या हिंदीतल्या जुन्या अभिनेत्री फडाच्या कडेने स्वतःच चालणार होत्या. बदली बाई त्यांनी नाकारली.

पाचट भडाभडा पेटलं. बाई चालू लागल्या. शॉट फार सुंदर उतरत होता. तेवढ्यात वारा फिरला, धुराचा लोट त्यांच्यावर आला आणि त्या दिसेनाशा झाल्या.

"निरुत्तु! निरुत्तु!" दिग्दर्शक ओरडत होते. थांबवा, थांबवा. घाबरल्यावर त्यांचं हिंदी पार पळालं होतं. मुंबईच्या कॅमेरामनला तमिळ कळेना; त्याला वाटलं, आग वाढवायला सांगताहेत. तो शॉट घेतच राहिला. मी टँकरपाशी उभ्या गावकऱ्यांकडे धावले. "पाणी सोडा, बाई आत हायत!"

पाण्याचा फवारा सुटेपर्यंत दिग्दर्शक धुरात शिरले होते. बाईंना त्यांनी खांद्याला धरून बाहेर आणलं. पदर जळाला होता, मनगटावर फोड आले होते. त्या खोकत होत्या, बोलता येत नव्हतं.

निर्मात्याचा माणूस म्हणाला, अर्धा फड शिल्लक आहे, दुसरीला साडी नेसवा, पाठमोरी घ्या.

दिग्दर्शक हळू आवाजात हिंदीत म्हणाले, "आज कॅमेरा चालणार नाही. तुम्ही दुसरा दिग्दर्शक बघा."

दुसरा कुणी बघितला नाही, पण पुढचे सगळे दिवस तो माणूस त्यांच्याशी बोलला नाही. चित्रपट बेताचाच चालला. तिसरा हिंदी चित्रपट त्यांना कुणी दिला नाही. आम्ही चेन्नईला परतलो.

मग एक दिवस बाईंचा मला फोन आला. तुमच्या साहेबांच्या तमिळ चित्रपटात काम करायचंय, विचारून बघ. साहेब हो म्हणाले. सध्या बाईंचे तमिळ संवाद मी देवनागरीत लिहून देते. बाई 'ळ' फार जड उच्चारतात, आणि साहेब त्यांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात.