कपाशीत गेलेले चेंडू

धुळ्यातला दातांचा डॉक्टर पन्नाशीला आल्यावर गोल्फ का खेळायला लागतो, हे मी बाहेर सांगताना पाठीच्या दुखण्यावर ढकलतो. खरं कारण माझा सर्जन मित्र. तो खेळायला लागला आणि दोन महिन्यांत त्याच्या तोंडून ऑपरेशनच्या गोष्टी बंद होऊन ‘स्विंग’ सुरू झाला. एका लग्नाच्या पंगतीत तो समोरच्या माणसाला हे सांगत होता आणि तो माणूस जिलबी हातात धरून, खायची विसरून ऐकत होता. माझ्या रूट कॅनॉलच्या गोष्टी कुणी असं कधी ऐकल्या नव्हत्या.

शिरपूरच्या रस्त्याला एका उद्योजकाने आपल्या मुरमाड जमिनीवर नऊ होलचं मैदान केलं होतं. पावसाळ्यानंतर ते दोनेक महिने हिरवं असायचं. बाकीचं वर्ष ते हिरवं आहे असं सगळे सभासद एकमताने धरून चालायचे.

पहिला फटका लांब मारायचा असतो. त्यासाठी सर्जनच्या पिशवीत ड्रायव्हर होता. ही सगळ्यांत लांब काठी, आणि तिचं डोकं आमच्याकडच्या भरताच्या वांग्याएवढं. मीही तसाच घेतला. दुकानदाराने सोबत फेअरवे वूड नावाची दुसरी काठी गळ्यात मारली. नाव वूड, पण अंगात लाकडाचा तुकडा नाही. डोकं लहान, दांडा आखूड. तिचा फटका थोडा कमी जातो, पण नवशिक्याच्या हातूनही सरळ जातो. ती मी पिशवीच्या तळाशी ठेवली. वांग्यासारखी काठी घरात असताना वाटाण्याची शेंग बाहेर काढून कोण दाखवणार?

पहिल्या होलच्या उजव्या अंगाला कपाशीचं वावर होतं. ड्रायव्हरने मारलेला माझा चेंडू आधी समोर जायचा आणि मग, सासरी जायला निघालेल्या मुलीला माहेर आठवावं तसा उजवीकडे वळून कपाशीत शिरायचा. दिवाळीच्या सुमाराला बोंडं फुटली. फुटलेल्या कपाशीत पांढरा चेंडू शोधायचा म्हणजे काय, ते शोधल्याशिवाय कळत नाही. मी स्वतः कपाशी वेचत वाढलो. तरी त्या दिवशी चार वेळा वाकून कापूसच उचलला.

“भाऊ, कपाशी नका मोडा हो!”

कापूस वेचायची ओटी कमरेला बांधलेल्या एक म्हाताऱ्या बाई सरींमधून आल्या. वावर त्यांचंच होतं. त्यांनी बांधावरची पाटी उचलून माझ्यासमोर धरली. तीत निदान चाळीस चेंडू होते.

“यामा तुमना कोणता शे?”

मी शहरी मराठीत म्हणालो, “बहुतेक सगळेच.”

त्या हसल्या नाहीत. “अक्का” म्हणून मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी मैदानाकडे हात केला. “मी रोज देखस. मोठा डोकानी काठी काढी का चेंडू मना वावरमा. न्हानी काठी काढी का सरळ तिकडे. मंग बठ्ठा लोके मोठी काठी कसाले लेतस?”

चेंडू कपाशीत का जातो, यावर आमच्या क्लबात रोज चहाच्या टेबलावर चर्चा व्हायची. वारा, बुटांची पकड, मनगट, एकाने तर ग्रहमान काढलं होतं. इतकं सरळ निरीक्षण कुणी केलं नव्हतं. माझ्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरची बोली निघाली.

“लोके देखतस ना, अक्का.”

“देखू द्या की,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा वेचायला लागल्या.

पुढच्या रविवारी क्लबची स्पर्धा होती. मुंबईहून एक निवृत्त अधिकारी पाहुणे आले होते, त्यांना खुर्ची, छत्री आणि नारळपाणी दिलेलं. सर्जनने पहिला फटका ड्रायव्हरने मारला. चेंडू आभाळात गेला, वळला आणि कपाशीत पडला. टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले, “काय ताकद आहे हो!”

माझा नंबर आला. हात सवयीने ड्रायव्हरकडे गेला. बांधावर अक्का ओटी सावरत उभ्या होत्या. मी हात खाली नेला आणि तळातून फेअरवे वूड काढली.

सर्जन हळूच म्हणाला, “बरं नाही का तुला?”

मी मारला. चेंडू काही फार लांब गेला नाही, पण मैदानाच्या मधोमध, गवतावर जाऊन बसला. मैदानात माझा चेंडू गवतावर पाहण्याची माझी ही पहिलीच वेळ. टाळी एकही पडली नाही. पाहुण्यांनी नारळातून मान वर काढून विचारलं, “निसटला का?”

नऊच्या नऊ होलचा पहिला फटका मी त्याच काठीने मारला. अकरा जणांत चौथा आलो. सर्जन दहावा आला. अकरावा मधेच फोन आला म्हणून निघून गेला होता. चौथ्याला बक्षीस नव्हतं. पण समितीने ऐनवेळी ‘सर्वात लांब फटका’ असं एक बक्षीस काढलं आणि ते सर्जनला दिलं. चेंडू सापडलेला नसल्यामुळे तो किती लांब गेला हे मोजता येत नव्हतं. पाहुण्यांनी अंदाजाने ठरवलं. फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे, माझा अर्धा चेहरा सर्जनच्या हातातल्या चषकाने झाकलाय.

घरी येताना मी ठरवलं, ड्रायव्हर विकून टाकायचा. सर्जनला फोन करून सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, “अरे, चौथा येऊन कुणाला कळलं?”

ड्रायव्हर विकला नाही. बुधवारी दवाखाना बंद असतो, तेव्हा मी एकटा जातो आणि फेअरवे वूडने अगदी सरळ, शहाण्यासारखा खेळतो. रविवारी मात्र वांगं बाहेर निघतं. अक्कांनी आता माझे चेंडू वेगळ्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली आहे.