एका लग्नाच्या दोन पत्रिका

द्वारकाबाई तुपे पहिल्यांदा लक्षात राहिल्या त्या त्यांच्या थांबण्यामुळे. तेवीस वर्षांपूर्वीचा जून महिना होता. बजाजनगरच्या शाळेत पहिलीचे प्रवेश चालू होते आणि टेबलापुढे एक बाई मुलीचा हात घट्ट धरून उभी होती. नवऱ्याने मुलीचं नाव सांगितलं, श्रेया. स्वतःचं सांगितलं, बन्सी. "आणि आईचं?" असं विचारल्यावर बाईंनी तोंड उघडलं, मिटलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"स्वतःचं नाव सांगायला एवढा विचार?" कारकुनाने चेष्टा केली.

"द्वारका लिहा," बन्सी घाईघाईने म्हणाले.

जन्माचा दाखला त्यांनी आणलेला नव्हता. बापाच्या सांगण्यावरून तारीख घेतली गेली आणि रांग पुढे सरकली. बाईंच्या ओठांवर आधी दुसरंच काही आलं होतं, हे दिसलं होतं. पण ते विचारायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती.

पुढे श्रेया शिकली, वाळूजच्या एका कंपनीत लागली आणि सत्यमशी लग्न होऊन जर्मनीला गेली. द्वारकाबाई होत्या तिथेच राहिल्या. कंपनीतल्या एकट्या राहणाऱ्या अकरा पोरांना त्या दोन्ही वेळचे डबे देत. कुणाला कारलं चालत नाही, कुणाच्या पोळीला तेल लावायचं नाही, कुणाला गुरुवारी कांदा नको, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. लिहून ठेवलेलं काही नाही. काळजी लागली की त्या धुतलेली ताटं पुन्हा पुसत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या घरातली ताटं रोज दोनदा पुसली जाऊ लागली.

श्रेयाला दिवस गेले होते. ऑक्टोबरच्या पंचवीसची तारीख दिली होती. सत्यमला आई नव्हती. फोनवर श्रेया हसत म्हणाली, "आई, इथं तिसऱ्या दिवशी घरी पाठवतात म्हणे. मला तर बाळ धरतासुद्धा येत नाही." ती हसली तेवढं सत्यमने ऐकलं असेल, द्वारकाबाईंनी हसण्यामागचं ऐकलं. त्यांच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात वैजापूरला आईने त्यांना सव्वा महिना खाटेवरून उतरू दिलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी. आता लेक माहेरी येऊ शकत नव्हती, तर माहेरानेच उठून जायला हवं होतं.

"मी येते," त्या म्हणाल्या. पासपोर्ट होता, लग्नानंतर श्रेयानेच काढून ठेवला होता. राहिला व्हिसा.

व्हिसाचं काम फारूखभाईंकडे गेलं. बजाजनगरच्या मुख्य रस्त्यावर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. फोटो, ऑनलाइन फॉर्म, तिकिटं, सगळं तिथेच होतं. त्यांनी द्वारकाबाईंना स्टुलावर बसवून समजावलं.

"भाभी, वो लोगां दो चीज देखते. तुम वापस आते क्या नहीं, और जिसके पास जाते वो तुमारी कौन लगती."

"कौन म्हणजे? पोरगी हाय माझी."

"वो तुमकू मालूम, मेरेकू मालूम. साहब लोगां कू कागज होना."

कागद जमू लागले. श्रेयाने तिकडच्या कचेरीतून शिक्क्याचं हमीपत्र पाठवलं. विमा काढला. श्रेयाचा जन्मदाखला मात्र कुणीच कधी काढला नव्हता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचं सगळं निभावलं होतं. द्वारकाबाईंनी थोरल्या भावाला फोन केला. सांडूदादा वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी आहेत. श्रेयाच्या जन्माची नोंद त्यांनीच केली होती. आठ दिवसांत ते दाखला आणि अर्धं पोतं कांदे घेऊन दारात हजर झाले.

"घे गोजे. तीन चकरा मारल्या, चवथ्याला साहेब जाग्यावर घावला."

दाखला सगळ्यांनी वाचला. फारूखभाईंनी मुलीचं नाव, बापाचं नाव, तारीख तपासली. त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. महालक्ष्म्या उठल्या आणि पुढच्याच आठवड्यात नवराबायको मुंबईला जाऊन आले. तिथल्या केंद्रात द्वारकाबाईंच्या दहाही बोटांचे ठसे घेतले गेले, फोटो काढला, पासपोर्ट ठेवून घेतला. फाइल आता वकिलातीत जाणार होती. काचेपलीकडच्या मुलीला त्यांनी विचारलं, "बाई, लवकर होईल ना? लेकीची तारीख हाय." मुलगी म्हणाली, "काकू, ते आमच्या हातात नसतं." परतीच्या गाडीत बन्सी म्हणाले, "झालं आता, झोप जरा." त्या झोपल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी बाळासाठी वाकळ शिवायला घेतली, स्वतःच्या जुन्या मऊ सुती साडीची. बाळ यायच्या आधी नवं काही पुरं करू नये, म्हणून चौथी कड तशीच ठेवली.

सोळाव्या दिवशी सकाळी फारूखभाई स्वतः दारात आले. ते कधी घरी येत नसत. द्वारकाबाई डबे भरत होत्या.

"भाभी, जरा बैठो."

"अकरा डबे हायेत भाई, उभ्यानंच सांगा."

"वकिलातीचा मेल आला. पूछते हैं..." फारूखभाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "ये गोजर कौन है?"

तव्यावरची पोळी फुगली, तशीच राहिली आणि जळाली.

"मी," द्वारकाबाई म्हणाल्या.

झालं होतं ते असं. त्यांचं माहेरचं नाव गोजर. लग्न ठरलं तेव्हा कळलं की सासूबाईंचंही नाव गोजरबाईच. एका घरात सासू आणि सून एका नावाच्या कशा चालणार? नवऱ्याने बायकोला हाक मारायची म्हणजे आईचं नाव घ्यायचं! म्हणून सासऱ्यांनी आधीच नाव ठरवून टाकलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर बन्सींनी अंगठीने 'द्वारका' लिहिलं, पेढे वाटले, आणि गोजर थोटे त्या दिवसापासून द्वारका तुपे झाली. कागदावर मात्र हे कुठेच झालं नाही. लग्नाची नोंदणी नव्हती. रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट, सगळीकडे पुढे द्वारका. आणि श्रेयाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव, गोजर.

दाखला द्वारकाबाईंनी स्वतः वाचला होता. पण स्वतःचंच नाव ते, खटकणार कसं?

"गलती मेरी भी है," फारूखभाई म्हणाले. "मैंने बाप का नाम देखा, माँ का नहीं देखा. आठ दिन में सबूत देना बोलते, की गोजर और द्वारका एकच हायेत. नहीं तो फाइल जैसी है वैसी देखेंगे."

"म्हंजे?"

"म्हंजे ना होऊ शकतं."

द्वारकाबाईंनी डबे भरले, झाकणं लावली, पोरं येऊन घेऊन गेली. मग त्यांनी वैजापूरला फोन लावला.

"दादा, श्रेयाच्या दाखल्यावर माझं नाव गोजर कसं लिवलं?"

"मग काय लिवायचं व्हतं?" पलीकडे यार्डातला गलका होता. "साहेबानं इचारलं आईचं नाव काय, मी सांगितलं गोजर."

"अरे, लग्नाला तीन वर्षं झाली व्हती तव्हा! द्वारका नाय का सांगायचं?"

"द्वारका ती तुप्यांची. माझी बहीण कव्हा द्वारका झाली? आजवर हाक मारली का मी तुला त्या नावानं?"

मारली नव्हती खरी. द्वारकाबाईंना रागही येईना आणि रडूही येईना. "दादा, आठ दिवस हायेत," एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडचा गलका एकदम कमी झाला. सांडूदादा बाजूला जाऊन उभे राहिले असावेत.

"काय करू सांग," ते म्हणाले.

काय करायचं ते फारूखभाईंनाही नीट ठाऊक नव्हतं. राजपत्रात नावबदल छापून आणायला आठ दिवस पुरणार नव्हते. प्रतिज्ञापत्र करता येईल, पण नुसत्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? "लग्नातला एखादा कागद होना, भाभी. पुराना."

बन्सी तिथेच बसले होते. ते म्हणाले, "पत्रिका."

"पत्रिकेवर काय असतंय?"

"तुमच्याकडची वेगळी व्हती, आमची वेगळी. आमच्या आबांनी आमच्या पत्रिकेत द्वारकाच छापलं. लोक हसले व्हते तव्हा, पोरगी घरात आली नाय अन् नाव बदललं म्हणून. तुमच्याकडच्या पत्रिकेत तुझं..." आणि ते थांबले. बत्तीस वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

एकच लग्न, एकच तारीख, एकच मांडव, एकच नवरदेव. आणि नवरीची नावं दोन. दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या तर तेवढं पुरलं असतं. पण बत्तीस वर्षांपूर्वीच्या पत्रिका सापडायच्या कुठे?

बन्सी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने पैठणजवळच्या गावी गेले. देवापुढे ठेवलेली पहिली पत्रिका टाकायची नाही, अशी त्यांच्या आईची रीत होती. भावजय दीपमाला यांनी देव्हाऱ्याखालचा पत्र्याचा डबा काढून दिला. त्यात घरातल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका होत्या, हळदीकुंकवाने चिकटलेल्या. दुपारपर्यंत बन्सी परत आले. 'चि. सौ. कां. द्वारका' मिळाली.

वैजापूरची मिळेना. सांडूदादांनी पहिल्या दिवशी कपाटं पाहिली, दुसऱ्या दिवशी माळा. द्वारकाबाई दर दोन तासांनी फोन करत.

"दादा, घावली?"

"नाय अजून. घराला रंग दिला तव्हा लई कागद जाळले गं."

मग त्या ताटं पुसत. एकदा बन्सींनी हातातून ताट काढून घेतलं, तर त्यांनी डब्यांची झाकणं पुसायला घेतली. त्या आठवड्यात एका पोराच्या डब्यात गुरुवारी कांदा गेला. डबा परत आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या जिन्यावरच बसून राहिल्या.

शनिवारी, चौथ्या दिवशी सांडूदादांचा फोन आला. "आईची पेटी आठवती का? लोखंडाची? तिच्या तळाला तिनं कागद अंथरले व्हते. आज उचकटले. खालून दुसरा कागद तुझी पत्रिका."

"नाव दिसतंय का?"

"गोजर! हळदीचं बोट लागलंय त्यावर, पण दिसतंय. निघालोच मी."

प्रतिज्ञापत्र शहरात कोर्टाजवळ एका नोटरी वकिलांकडे झालं. सांडूदादांचं एक, बन्सींचं एक. वकिलांनी बन्सींना कागद वाचायला सांगितला. "मी, बन्सी किसन तुपे, सत्य प्रतिज्ञेवर सांगतो की माझी पत्नी द्वारका हिचे विवाहापूर्वीचे नाव..." इथे गाडी अडली.

"वाचा की पुढं," वकील म्हणाले.

"आईचं नाव हाय ते, साहेब."

"इथं बायकोचं हाय. वाचा."

"भावजी, घ्या की," सांडूदादा हळूच म्हणाले. "म्हातारी वरून काय म्हणणार नाय. तिचीच सून चालली बाळंतपणाला."

बन्सींनी घसा साफ केला. "गोजर," ते म्हणाले. द्वारकाबाईंनी पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहावा दिवस होता, साडेचार वाजले होते, आणि भाषांतर व्हायचं होतं.

सातव्या दिवशी फारूखभाईंनी दोन्ही पत्रिका, दोन्ही प्रतिज्ञापत्रं आणि त्यांची भाषांतरं पाठवली. कागदाच्या एकेका कोपऱ्यावर त्यांनी या वेळी बोट ठेवून पाहिलं. "मिळालं" असं उत्तर आलं आणि मग काहीच येईना. दसरा झाला. श्रेया रोज विचारी, "आई, काही कळलं?" द्वारकाबाई सांगत, "येईल गं. तू पाय वर घेऊन बस." फोन ठेवला की त्या कॅलेंडरपुढे उभ्या राहून पंचवीस तारखेपर्यंतचे दिवस बोटाने मोजत.

श्रेया तेरा दिवस आधीच दवाखान्यात गेली. बारा ऑक्टोबरला, रविवारी दुपारी, सत्यमचा फोन आला: मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. बन्सी पेढे आणायला धावले. द्वारकाबाई फोनमधल्या त्या लालबुंद तोंडाकडे पाहत म्हणाल्या, "डोक्याला काही बांधा की तिच्या. सत्यम, हात मानेखाली धरा. तिथं नाय, खाली. अजून खाली." पंधरा मिनिटं त्या हातवारे करून दाखवत होत्या. फोन बंद झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच मनसोक्त रडून घेतलं. ज्या दिवसासाठी एवढं केलं, तो दिवस त्यांच्याशिवाय झाला होता.

बुधवारी कुरिअरवाला आला. सही त्यांनी केली, पाकीट बन्सींनी फाडलं. आत पासपोर्ट होता आणि सोळाव्या पानावर फोटोसकट व्हिसा. त्या संध्याकाळी त्यांनी वाकळेची चौथी कड शिवली आणि अकराही पोरांना सांगितलं की आता डबा दुसरीकडे बघा. शनिवारी त्या निघाल्या.

द्वारकाबाई सध्या तिथेच आहेत. व्हिसा नव्वद दिवसांचा आहे, आज चौतिसावा दिवस. रोज सकाळी अकरा वाजता त्या नातीला तेल लावून न्हाऊ घालतात.