शून्य म्हणजे ठीक

गोंदियातल्या एका छोट्या रक्तपेढीत मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. मोबाइल घरोघरी आले होते, पण साधेच. एखाद्या गटाचं रक्त कमी पडलं की आमच्या कॉम्प्युटरवरून त्या गटाच्या दात्यांना मेसेज जायचे. त्यासाठी सिमकार्ड घातलेला एक मोडेम जोडलेला होता आणि नागपूरच्या एका इंजिनिअरनं प्रोग्राम लिहून दिला होता. गट टाकायचा, बटण दाबायचं. काम झालं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘मेसेज पाठवले’ असं यायचं.

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. फुलचूरच्या आमच्या बौद्ध वस्तीत हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. थंडी पडली की तिचे सांधे धरायचे, ती उशीत तोंड खुपसून रडायची आणि काही दिवसांनी उठून कॉलेजला जायची. त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र दुखणं छातीत गेलं. धाप लागली, डोळे पिवळेजर्द झाले. रक्तपेढीच्या समोरच्याच दवाखान्यात तिला भरती केलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत रक्त चढलंच पाहिजे. पुढचं मी सांगू शकत नाही."

तिचा गट ओ निगेटिव्ह. घरात कुणाचाच जुळत नव्हता. आमच्या फ्रिजमध्ये त्या गटाची पिशवी नव्हती, नागपूरलाही नव्हती. मी धावत जाऊन मेसेज पाठवले. हिरवी अक्षरं आली आणि मला जरा धीर आला.

दुपार झाली तरी कोणी आलं नाही. समोर रक्तपेढीच्या दाराशी स्कूटर थांबली की मी उठायचे आणि परत बसायचे. बहीण बोलेनाशी झाली होती. माय तिचा हात धरून त्रिशरण म्हणत होती. मधेच थांबून तिनं मला विचारलं, "काऊन कोणी येऊन नाही राहिलं?"

"येतीन माय. मेसेज तर गेले."

"मंग लोकायले दया नाही का?"

रेलटोलीतले एक किराणा दुकानदार आमचे जुने दाते होते, बोलावलं आणि आले नाहीत असं कधी झालं नव्हतं. मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मुझे तो कोई मैसेज नहीं आया, बेटी. दिवाली से एक भी नहीं आया."

मी रक्तपेढीत येऊन तो प्रोग्राम उघडला. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये आमच्या सरांनी शिकवलं होतं, की प्रोग्राममधली प्रत्येक ओळ काम संपवताना मागे एक आकडा ठेवून जाते. तो आपण विचारला तरच कळतो. शून्य असेल तर काम झालं, दुसरा कुठलाही असेल तर काहीतरी बिघडलं. इंजिनिअरच्या प्रोग्राममध्ये मेसेज पाठवणाऱ्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. ती फक्त ‘काम संपलं’ अशी नोंद करायची. हिरवी अक्षरं याच शेवटच्या ओळीचा आकडा बघून उमटत होती. नोंद कधी चुकत नव्हती, म्हणून आकडा नेहमी शून्यच. वरच्या ओळीतून मेसेज गेले की नाही, हे कोणी विचारतच नव्हतं.

मी मेसेज पाठवणारी ओळ एकटीच चालवून आकडा विचारला. एक. पुन्हा चालवली. एक.

मग टेबलाखाली वाकून पाहिलं. दिवाळीच्या रंगकामात टेबल सरकवलं होतं, आणि कुणीतरी मोडेमची वायर परत लावताना दुसऱ्याच खाचेत लावली होती. प्रोग्राम मोडेमला जुन्या जागी शोधत होता. वायर जुन्या खाचेत लावली आणि ओळ पुन्हा चालवली. शून्य.

थोड्याच वेळात फोन वाजू लागला. कहाँ आना है, कधी येऊ, अजून लागते का. दुकानदार गल्ला सोडून आले, त्यांच्या मागोमाग एक कॉलेजचा पोरगा आला. दिवस मावळताना बहिणीला पहिली पिशवी लागली. नळीतून थेंब पडताना दिसला आणि माय भिंतीला टेकून खाली बसली.

मी मात्र बसू शकले नाही. रंगकामानंतर आलेली इतर माणसं मला आठवू लागली होती. सडक अर्जुनीकडचा एक माणूस आला होता, बाळंतपणात बायकोचं खूप रक्त गेलं होतं. मी त्याला हिरवी अक्षरं दाखवली होती. तो बाकावर बसून राहिला, आणि शेवटी बायकोला जीपमध्ये घालून नागपूरला निघाला.

व्यवस्थापकांना सांगितलं तर ते म्हणाले, "प्रोग्राम दुरुस्त करा. जुनं उकरू नका." मी नोंदवहीतून त्या माणसाचा नंबर उतरवून घेतला आणि बाहेरच्या एसटीडी बूथवरून फोन लावला.

"रक्तपेढीतून बोलते. बाई कशी आहे?" मी विचारलं.

"लेकरू हाये माझ्यापाशी. थे नाही राहिली."

मला फोन ठेवून द्यावासा वाटला. पण मी सांगितलं, की तुमच्यासाठी पाठवलेला मेसेज कुणाला गेलाच नव्हता. मशीन खोटं दाखवत होती.

मागे लेकरू कुरकुरत होतं. मग तो म्हणाला, "गावात मी लोकायले शिव्या देऊन राहिलो, का माणूस माणसाले रक्त देत नाही म्हणून. आता कोणाले शिव्या देऊ?"

"माहीत नाही, भाऊ," मी म्हटलं.

"मंग कायले सांगितलं?"

दवाखान्यात परतले तेव्हा बहीण जागी झाली होती आणि पाणी मागत होती. मायनं विचारलं, कुठं गेली होती. मी चमच्यानं बहिणीच्या ओठांवर पाणी सोडत राहिले.